एकुआँच्या शातोतलं रेनेसाँ संग्रहालय: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पॅरिसच्या उत्तरेला साधारण २० किलोमीटरवर एकुआँ नावाचं छोटं गाव आहे. गावामागच्या टेकडीवर सोळाव्या शतकातला एक शातो, म्हणजे सरदाराचा मोठा वाडा, आहे आणि १९७७ पासून त्यात फ्रान्सचं राष्ट्रीय रेनेसाँ (प्रबोधनकाळाचं) संग्रहालय आहे. फक्त याच एका कालखंडाला वाहिलेलं दुसरं राष्ट्रीय संग्रहालय फ्रान्समध्ये नाही. तरीही पॅरिसला शिकायला आलेली आपली मुलं, त्यांना भेटायला आलेले आईबाबा, कंपनीच्या कामासाठी महिनाभर राहणारी मंडळी यांतले फार थोडे लोक इथवर पोचतात. ज्यांना यायचं असतं त्यांचीही गाडी, बस, दुपारची बंद दारं यांतच दमछाक होते. ती होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

१. काय बघायला जाताय ते आधी समजून घ्या

रेनेसाँ म्हटलं की डोळ्यांसमोर चित्रं येतात. लिओनार्दो, राफाएल, मोठमोठ्या सोनेरी चौकटी. त्या अपेक्षेनं एकुआँला गेलात तर पहिल्या तासातच कंटाळाल, कारण इथं चित्रं कमीच आहेत. इथं आहेत त्या काळच्या माणसांनी वापरलेल्या आणि मिरवलेल्या वस्तू: भिंतीवरची विणकामं, रंगवलेल्या शेकोट्या, मीनाकाम, चिनी मातीच्या थाळ्या, घड्याळं, कुलपं, चिलखतं, लग्नात मुलीबरोबर पाठवायच्या पेट्या. आणि ही सगळी मांडली आहेत त्याच काळात बांधलेल्या घरात. माझ्या मते हेच या जागेचं मोठेपण आहे. लूव्रमध्ये वस्तू दिसते, पण ती कुठल्या उजेडात, किती उंच छताखाली, कुठल्या शेकोटीसमोर ठेवली जायची ते कळत नाही. इथं ते कळतं.

घर कोणाचं, हेही थोडं वाचून जा. आन द माँमोरान्सी (१४९३–१५६७) हा फ्रान्सचा सरसेनापती. नाव बाईचं वाटलं तरी हा पुरुष. राणी आन द ब्रतान्य ही त्याची धर्ममाता, तिचं नाव त्याला मिळालं. राजा पहिला फ्रान्स्वा याचा तो जवळचा माणूस. १५३८ साली सरसेनापती झाला आणि त्याच वर्षी एकुआँचं बांधकाम सुरू केलं. १५४१ मध्ये मर्जी गेली, दरबार सुटला. १५४७ मध्ये दुसरा हेन्री गादीवर आला तसा हा पुन्हा सत्तेत आला, आणि शातोचा सर्वांत देखणा भाग या दुसऱ्या चढतीच्या काळातला आहे. एवढं माहीत असलं तरी भिंतीवरची चिन्हं बोलायला लागतात.

२. दिवस निवडा, आणि दुपारचं कुलूप विसरू नका

मंगळवारी संग्रहालय बंद असतं. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरलाही बंद.

सर्वांत जास्त लोक फसतात ते दुपारी. हे संग्रहालय जेवणाच्या वेळेला बंद होतं. सकाळी ९.३० ते १२.४५ आणि पुन्हा दुपारी २ पासून संध्याकाळी सव्वापाचपर्यंत (उन्हाळ्यात पावणेसहापर्यंत) अशी इथली वेळ. पॅरिसमधल्या मोठ्या संग्रहालयांची सवय असलेला माणूस आरामात बाराला निघतो, एकला टेकडी चढतो आणि बंद दारासमोर उभा राहतो. निघण्याच्या आदल्या रात्री संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या वेळा एकदा बघून घ्या.

माझा आग्रह असा: साडेनऊ-दहाला पोचा, सकाळचा पूर्ण वेळ आत घालवा, दुपारी बागेत जेवा, दोनला पुन्हा आत जा. अर्ध्या दिवसात उरकायचा बेत करू नका. लूव्र किंवा व्हर्सायच्या दिवसाला तर हे मुळीच जोडू नका, विशेषतः बरोबर वडीलधारी मंडळी असतील तर.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो. गर्दी थोडी वाढते, पण पॅरिससारखी रेटारेटी नसते.

३. तिकीट आणि कागदपत्रं

तिकीट दारावर मिळतं आणि लूव्रच्या मानानं बरंच स्वस्त आहे. पॅरिस म्युझियम पास असेल तर तो इथं चालतो. पुष्कळ लोकांना हे ठाऊकच नसतं आणि पास खिशात असताना ते वेगळं तिकीट काढतात.

१८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. १८ ते २५ वयाच्या तरुणांसाठीही मोफत आहे, पण युरोपीय संघाचे नागरिक किंवा तिथले दीर्घकाळचे रहिवासी असतील तरच. इथं आपल्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावं. तुम्ही भारतीय पासपोर्टवर असलात तरी फ्रान्सचा दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा किंवा राहण्याचा परवाना तुमच्याकडे असेल तर तुम्ही रहिवासी ठरता. नुसतं कॉलेजचं ओळखपत्र दाखवून हे सिद्ध होत नाही. परवानाच दाखवावा लागतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या भावंडांना मात्र ही सवलत नाही.

बरोबर काय ठेवायचं:

- पासपोर्ट किंवा राहण्याचा परवाना (सवलत हवी असेल तर मूळ कागद, फोनमधला फोटो नको)
- म्युझियम पास घेतला असेल तर तो
- रेल्वेचं नाविगो कार्ड
- डबा, पाण्याची बाटली, बसायला एखादं जाडं फडकं
- पायात चालायचे बूट. जंगलातल्या वाटेवर पावसानंतर चिखल होतो
- छोटी पाठपिशवी. दारावर पिशव्या तपासतात. विमानतळावरून थेट मोठी बॅग घेऊन येऊ नका

४. गार द्यु नोरहून गाडी पकडा

एकुआँला जाते ती उपनगरी रेल्वेची एच लाइन. उतरायचं स्टेशन एकुआँ-एझाँव्हील. प्रवास साधारण २० ते २५ मिनिटांचा.

गार द्यु नोर हे अवाढव्य स्टेशन आहे. लंडनला जाणारी युरोस्टार इथूनच सुटते. जमिनीखाली आरईआरच्या, म्हणजे जलद उपनगरी रेल्वेच्या, बी आणि डी लाइन धावतात. एच लाइन मात्र वर, जमिनीच्या पातळीवर असते. ३० च्या पुढच्या क्रमांकांचे उपनगरी फलाट शोधा. मेट्रोतून बाहेर पडल्यावर आरईआरच्या बाणांमागे गेलात तर खाली उतरत जाल आणि दहा मिनिटं हातची जातील.

दुसरी अडचण गाडीच्या पाटीची. एच लाइनला बऱ्याच फांद्या आहेत. तुम्हाला हवी ती मोंसू-माफ्लियेवरून जाणारी: शेवटचं स्टेशन ल्युझार्श किंवा पेरसाँ-बोमाँ असं लिहिलेलं असतं. पण पेरसाँ-बोमाँला दुसऱ्या बाजूनं, व्हालमाँद्वावरूनही गाड्या जातात, आणि त्या एकुआँला येतच नाहीत. म्हणून नुसतं शेवटचं स्टेशन वाचून चढू नका. फलाटावरच्या पडद्यावर मधली स्टेशनं येतात, त्यात एकुआँ-एझाँव्हील दिसलं तरच चढा. फ्रेंच स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ लवकर बसत नाही, म्हणून पाटीवर नाव कसं दिसतं ते आधीच नकाशात पाहून ठेवा. सार्सेल–सें-ब्रीस गेलं की पुढचं तुमचं. दोमाँ आलं तर समजा एक स्टेशन पुढे आलात. उतरा आणि उलटी गाडी धरा.

भाड्याचं गणित जानेवारी २०२५ पासून सोपं झालं आहे. पॅरिस आणि आसपासच्या सगळ्या प्रदेशासाठी मेट्रो, रेल्वे आणि आरईआर यांचं एकच तिकीट, विमानतळ सोडून. २०२५ मध्ये ते २.५० युरो ठरलं, पुढे थोडं थोडं वाढतं. हे तिकीट मेट्रोतून एच लाइनमध्ये बदलतानाही चालतं, पण बसमध्ये चालत नाही. बसचं वेगळं तिकीट कार्डावर आधीच भरून घ्या. पूर्ण प्रदेशाचा आठवड्याचा किंवा महिन्याचा नाविगो पास असेल तर सगळंच त्यात आलं. आठवड्याचा पास सोमवार ते रविवार चालतो. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो, शुक्रवारपासून पुढच्या आठवड्याचा विकतात, हेही ध्यानात असू द्या. आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. एका कार्डावर दोघांना आत जाता येत नाही.

जाताना गाडी सें-दनीवर थांबली तर खिडकीतून बाहेर बघा. नोव्हेंबर १५६७ मध्ये याच गावाजवळच्या लढाईत, चौऱ्याहत्तरीला आलेला आन द माँमोरान्सी घोड्यावरून लढताना जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. त्याच्या घरी जाताना त्याची शेवटची रणभूमी वाटेत लागते.

५. स्टेशनापासून टेकडीवर

दोन वाटा आहेत. एक बसची: गार्ज-सार्सेलकडे जाणारी बस घ्या आणि एकुआँच्या मेरीजवळ, म्हणजे नगरपालिकेजवळ उतरा. या भागातल्या बसचे क्रमांक बदलत असतात, म्हणून जुन्या माहितीतल्या क्रमांकावर विसंबू नका. थांब्यावरचा फलक आणि फोनमधला नकाशा बघा. चालकाला ‘शातो?’ एवढं विचारलं तरी तो सांगतो. थांब्यापासून पुढे चढ आहे.

दुसरी वाट जंगलातून पायी, सुमारे २० मिनिटांची, दिशादर्शक पाट्या लावलेली. पाऊस नसेल आणि गुडघे साथ देत असतील तर हीच धरा. झाडीतून चढत जाता आणि शातो अचानक समोर येतो. आईबाबा बरोबर असतील तर जाताना बस आणि उतरताना जंगल, हे बरं पडतं.

६. आत घाई करू नका, आधी चौक बघा

चौसोपी वाड्यासारखी रचना आहे: चार बाजूंना चार पाखं, मध्ये चौक, कोपऱ्यांवर उंच मनोरे. भोवती कोरडा खंदक आहे, पण तो लढाईपेक्षा दिमाखाचा. तुम्ही आत येता ती पूर्वेची बाजू बाकीच्यांपेक्षा ठेंगणी दिसते, कारण मूळची पाडली गेली आणि आजची नंतरची आहे.

चौकात उभं राहून दक्षिणेच्या बाजूचे खांब बघा. जमिनीपासून छतापर्यंत सलग चढत गेलेले हे प्रचंड कोरिंथियन खांब वास्तुकार जाँ ब्युलाँ यानं रोममधल्या प्राचीन इमारती बघून आल्यावर बसवले. दोन मजले एकाच खांबात गुंफण्याची ही पद्धत फ्रान्समध्ये तेव्हा नवी होती. खांबांमधल्या कोनाड्यांत दोन पुतळे आहेत: मायकेलअँजेलोचे ‘गुलाम’. मूळ मूर्ती पोप दुसरा ज्युलियस याच्या समाधीसाठी घडवलेल्या. त्या तिथं बसल्या नाहीत, फिरत फिरत फ्रान्सच्या राजाकडे आणि त्याच्याकडून माँमोरान्सीकडे आल्या आणि इथं उभ्या राहिल्या. आज त्या लूव्रमध्ये आहेत. इथं आहेत त्या प्रतिकृती. लूव्रमध्ये आधी पाहिल्या असतील तर इथं मुद्दाम वेळ द्या. लूव्रमध्ये त्या डोळ्यांसमोर येतात, इथं मान वर करून बघाव्या लागतात आणि वरून उतरणाऱ्या उजेडात सगळी शरीरं वेगळीच वळतात.

मुलं बरोबर असतील तर त्यांना एक शोध द्या. माँमोरान्सी घराण्याच्या ढालीवर लाल क्रूस आणि त्याच्या चार कोपऱ्यांत मिळून १६ निळी गरुडपिल्लं असतात, चोच आणि पाय नसलेली. दगडात, रंगात, फरश्यांवर ती कुठं कुठं सापडतात ते मोजू द्या. त्याच्याच जोडीला ‘अप्लानोस’ हे ग्रीक ब्रीद दिसेल, अर्थ साधारण ‘न ढळता’. उत्तरेच्या बाजूला राजा हेन्रीचं अक्षर आणि चंद्रकोर आहे. सरसेनापतीच्या घरात राजासाठी राखलेलं दालन त्या बाजूला आहे.

७. सकाळ पहिल्या मजल्यासाठी ठेवा

बहुतेक लोक तळमजल्यापासून शिस्तीत सुरू करतात आणि सर्वांत मोठ्या गोष्टीपाशी पोचेपर्यंत पाऊण वाजतो, रखवालदार बाहेर काढतात. म्हणून आधी सरळ पहिल्या मजल्यावर जा आणि दावीद-बथशेबाच्या पडद्यांपाशी थांबा.

लोकर, रेशीम, सोन्याचांदीची तार यांनी विणलेले हे दहा प्रचंड पडदे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये तयार झाले. एकापुढे एक लावले तर लांबी ७५ मीटरच्या आसपास भरते. दालनात उजेड मंद असतो, कारण जुने रंग प्रकाशानं उडतात. पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही असं वाटेल, थांबा. डोळे सरावले की आधी तार चमकते आणि मग चेहरे पुढे येतात.

इथं कथा माहीत नसेल तर सगळे पडदे सारखेच वाटतात: पुष्कळ श्रीमंत माणसं, पुष्कळ कपडे. म्हणून आदल्या दिवशी मराठी बायबलमधले २ शमुवेलचे ११ आणि १२ हे दोन अध्याय वाचा, पंधरा मिनिटं लागतात. राजा दावीद बथशेबेला स्नान करताना बघतो, तिला बोलावून घेतो, तिचा नवरा उरीया याला लढाईत पुढच्या फळीत धाडून मारवतो. संदेष्टा नाथान त्याला त्याचं पाप तोंडावर सांगतो. मूल जातं, राजा पश्चात्ताप करतो आणि शेवटी राब्बा शहर जिंकतो. विणकरांनी ही सगळी माणसं त्यांच्या स्वतःच्या काळातल्या दरबारी पोशाखात दाखवली आहेत. पडद्यांच्या क्रमानं चालत जा आणि प्रत्येक पडद्यात दावीद कुठं आहे ते आधी शोधा. उरीयाला पत्र देतानाचा त्याचा निर्विकार चेहरा मला दर वेळी अस्वस्थ करतो. असल्या राजांच्या दरबारांत हे असले पडदे टांगले जात होते, हे मनात ठेवून बघा.

त्याच मजल्यावरच्या खोल्यांतून फिरताना शेकोट्यांकडे लक्ष ठेवा. शातोत अशा १२ रंगवलेल्या शेकोट्या आहेत. वरच्या भागावर मध्यभागी बायबलमधला प्रसंग आणि भोवती फळं, मुखवटे, पट्ट्या यांची गुंफण, फाँतेनब्लोच्या राजवाड्यात इटालियन कलाकारांनी आणलेल्या शैलीतली. या कुठल्या दुसऱ्या ठिकाणाहून आणून लावलेल्या नाहीत. याच घराच्या आहेत. शातोत इतरत्र काही भिंतींवर सोनेरी नक्षीचं चामडंही चढवलेलं दिसेल. भिंतीला चामडं लावतात हे आपल्याला नवीन वाटतं, तेव्हा ती श्रीमंतीची रीत होती.

८. दुपारी काय खायचं

पाऊणला बाहेर पडा. शातोची बाग आणि भोवतालची झाडी सर्वांसाठी मोकळी आहे, तिकीट लागत नाही. डबा आणला असेल तर प्रश्नच नाही, आणि मी डब्याचाच सल्ला देईन. गावात उतरून बेकरी गाठता येते, पण सोमवारी लहान गावांतली बरीच दुकानं बंद असतात. शाकाहारी असाल तर कीश (अंडं घातलेला खारा पाय) घेताना विचारा: दिसायला फक्त चीजची वाटली तरी तिच्यात बहुधा ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात.

वेळ उरला तर गावातलं सेंत-आक्सल चर्च बघा. तिथल्या सोळाव्या शतकातल्या रंगीत काचा चांगल्या आहेत.

९. दोननंतर: प्रार्थनाघर, यंत्रं आणि वरचा मजला

तिकीट खिशात सांभाळून ठेवा, पुन्हा आत जाताना दाखवावं लागतं. दुसरा मजला किंवा काही दालनं रखवालदारांच्या संख्येप्रमाणे कधी कधी बंद असतात, म्हणून सकाळीच खिडकीवर विचारा: आज काय उघडं आहे आणि किती वाजेपर्यंत? दुसऱ्या मजल्याची वेळ सकाळचीच असेल तर वरचा क्रम बदला.

तळमजल्यावरच्या प्रार्थनाघरात छत बघा: कमानींमध्ये माँमोरान्सी आणि त्याची बायको मादलेन द साव्हुआ यांच्या घराण्यांची चिन्हं रंगवलेली आहेत. लिओनार्दोच्या ‘शेवटच्या भोजना’ची एक मोठी जुनी प्रत इथं आहे, लिओनार्दोच्याच वर्तुळातल्या मार्को दोज्जोनोनं केलेली. मिलानचं मूळ भित्तिचित्र फार झिजलं आहे, त्यामुळे टेबलावरच्या वस्तू आणि पाय पाहायला ही प्रत उपयोगी पडते.

मग तीन वस्तू शोधा, इतर काही राहिलं तरी चालेल. पहिली, बादशहा पंचम चार्ल्सची म्हणून ओळखली जाणारी सोनेरी नौका. प्रत्यक्षात ती तो वारल्यानंतर ऑग्सबर्गला बनली आणि हान्स श्लॉटहाइमची मानली जाते. हे घड्याळ आहे आणि चालतं यंत्रही: वाजंत्री वाजायची, दरबारी बादशहासमोरून फिरायचे, तोफा उडायच्या. दुसरी, सोनारकामातला तार ओढण्याचा बाक, १५६५ चा, सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे तिथला राज्यकर्ता, ऑगस्ट याच्यासाठी केलेला. चार मीटरहून लांब हत्यार, आणि अंगभर लाकडी जडावाचं काम. त्याला स्वतः कारागिरी करण्याची हौस होती म्हणून हत्यारही असं सजलं. तिसरी, न्युरेम्बर्गच्या व्हेंत्सेल याम्निट्सरची चांदीची डॅफ्ने: अपोलो देवापासून पळताना झाड होत चाललेली मुलगी. तिच्या फांद्या खऱ्या लाल पोवळ्याच्या आहेत.

दुसऱ्या मजल्यावर मातीची भांडी आणि मीनाकाम आहे. तिथल्या इझ्निकच्या थाळ्या बघायला विसरू नका: ओटोमन तुर्कस्तानातल्या, निळा, फिरोजी आणि टोमॅटोसारखा लाल रंग, ट्यूलिपची फुलं. एकोणिसाव्या शतकात हा संग्रह रोड्स बेटावरून आला, म्हणून जुन्या पुस्तकांत या भांड्यांना रोड्सचीच म्हणत. जवळच रूआँच्या मासेओ आबाकेनच्या फरश्या आहेत; याच शातोच्या जमिनीसाठी त्यानं १५४० च्या दशकात फरश्या पुरवल्या होत्या. फोटो काढता येतात, फ्लॅश नको.

जाता जाता एक गोष्ट मुलींना सांगा. नेपोलियननं १८०७ मध्ये या घरात लेजिओं दोनर या मानाच्या किताबाच्या मानकऱ्यांच्या मुलींसाठी शाळा उघडली. राणी मारी आंत्वानेतच्या सेवेत राहिलेली मादाम काँपाँ तिची पहिली प्रमुख होती. १९६२ पर्यंत या घराचा वापर शाळेसाठी होत राहिला.

१०. परतीची गाडी, आणि पुढचा टप्पा

संध्याकाळी परतीच्या फलाटावर ‘पारी नोर’ लिहिलेली गाडी घ्या. रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून सकाळी उतरतानाच परतीचं वेळापत्रक फोनमध्ये टिपून ठेवा. बाहेर पडेपर्यंत तिकीट टाकू नका, तपासनीस असतात.

एकुआँ आवडलं तर पुढच्या वेळी शाँतीयीचा शातो बघायला जा. तोही माँमोरान्सीचाच होता, आणि एकुआँच्या प्रार्थनाघराची वेदी आज तिथं आहे. क्युपिड आणि सायकीच्या कथेच्या १५४० च्या दशकातल्या ४४ काचाही तिथंच आहेत. त्या मुळात एकुआँच्या खिडक्यांसाठी केलेल्या. गाडी त्याच गार द्यु नोरवरून मिळते, पण एच लाइन नव्हे. शाँतीयी-गुव्हियोला थांबणारी आरईआर डी किंवा प्रादेशिक गाडी. मंगळवारी तोही बंद असतो.